तिकडची खोली आणि इकडची सपरी

सिंदेवाही तालुक्यातील एका गावातून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव गुप्त ठेवून त्याचा मुख्य भाग येथे देत आहे.

‘आमचे हे 4 वर्षे मलेशियात, क्वालालंपूर शहरात, इमारतीच्या कामावर सळई बांधायला होते. मागच्या दिवाळीनंतर धान कापणीच्या वेळी परत आले. कर्ज फिटले, घरावर स्लॅब पडला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आल्यापासून बोलत नाहीत. खोलीत झोपत नाहीत, सपरीत, म्हणजे ओसरीत, गादी टाकून झोपतात. आठवड्यातून दोनदा रात्री एका बांगलादेशी माणसाशी फोनवर बोलतात, तेव्हा मात्र हसतात. तिकडे यांना डेंग्यू झाला तेव्हा त्या माणसाने सगळे केले म्हणे. त्याने दवाखान्यात भरलेले 18 हजार रुपये परत द्यायचे आहेत असे म्हणतात. दिरांचा मुलगा नागपूरला शिकतो. त्याने एक सिनेमा आणला, काका, तुमच्या शहराचा आहे म्हणून. आम्ही दोघांनी मोबाइलवर पाहिला. त्यात कोणी काही बोलतच नाही. काही माणसे रस्त्यावरची जुनी गादी उचलून नेतात, सगळीकडे धूर असतो, शेवटी ती गादी पाण्यावर तरंगते. मला अर्धा कळला नाही. हे मात्र शेवटी ढसाढसा रडले. मामंजी गेले तेव्हा हे तिकडेच होते, येऊ शकले नाहीत, तेव्हाही रडले नव्हते. आता पुन्हा जायचे म्हणतात. त्या सिनेमात असे काय होते? त्या माणसात आणि यांच्यात काय आहे? मी भ्यायला पाहिजे का? यांना जाऊ द्यावे का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही चित्रपटाचे नाव लिहिलेले नाही, पण गादी, धूर आणि पाणी या तीन खुणांवरून तो ओळखता आला. त्साय मिंग-लियांग या दिग्दर्शकाचा 2006 सालचा तो चित्रपट आहे. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘मला एकट्याने झोपायचे नाही’ असा होतो, आणि चिनी नावाचा अर्थ ‘डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळे’ असा होतो. हा दिग्दर्शक तैवानमध्ये नावारूपाला आला असला तरी त्याचा जन्म मलेशियातलाच आहे, त्यामुळे परगावी राहणाऱ्याच्या डोळ्यांनी त्याने आपला देश पाहिला आहे. तुम्हाला अर्धा चित्रपट कळला नाही यात तुमचे काहीच चुकलेले नाही. मोबाइलच्या पडद्यावर, मध्येच फोन येत असताना, ज्यात पात्रे जवळजवळ तोंडच उघडत नाहीत असा चित्रपट पाहणे कोणालाही जड जाते. म्हणून आधी त्याची गोष्ट सांगते, कारण तुमच्या पुढच्या प्रश्नांची वाट त्या गोष्टीतूनच जाते.

काही बांगलादेशी कामगार टाकून दिलेली एक गादी उचलून आपल्या राहत्या जागी नेत असतात. वाटेत त्यांना एक बेघर, अनोळखी माणूस मार खाऊन पडलेला सापडतो. ते त्यालाही घेऊन येतात. त्यांच्यातला रावांग नावाचा कामगार त्याला आपल्या गादीवर निजवतो, त्याचे अंग पुसतो, त्याला लघवीला उभे राहताना धरतो आणि रात्री त्याच्याच शेजारी झोपतो. तो माणूस कोण, कुठला, याची चौकशी रावांग करीत नाही. दुसऱ्या एका घरात एक तरुण निपचित पडून आहे, त्याला शुद्ध नाही, आणि त्याच्या घरच्या कॉफीच्या दुकानात कामाला असलेली एक मुलगी मालकिणीच्या हुकमाने त्याची सेवा करते. हे दोन्ही पुरुष एकाच नटाने साकारले आहेत. तोच चेहरा दोन अंथरुणांवर पडलेला आहे. एका अंथरुणाशी मजुरीने बांधलेले हात आहेत, दुसऱ्या अंथरुणाशी स्वतःहून आलेले. मला या चित्रपटात सर्वांत मोठी वाटलेली गोष्ट ती हीच, आणि तुमच्या यजमानांना ती कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नसेल.

धुराचेही सांगते. सुमात्रा बेटावर जंगलांना आणि दलदलीच्या जमिनींना आगी लागल्या की त्यांचा धूर समुद्र ओलांडून मलेशियावर येतो. 1997 मध्ये आणि 2005 मध्ये तो फार दाट होता. चित्रपटात माणसे तोंडाला फडकी बांधून वावरतात, आणि एका प्रसंगी दोन माणसे एकमेकांच्या जवळ येऊ पाहतात तर खोकल्यामुळे त्यांना जवळ येता येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वाचकाला धूर म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. ते पाणी साचलेले आहे एका अर्धवट सोडलेल्या प्रचंड इमारतीत. 1997 च्या आशियाई आर्थिक संकटात क्वालालंपूरमध्ये अशी कित्येक कामे थांबली, आणि त्यांच्यासाठी परदेशांतून बोलावलेले मजूर उघड्यावर पडले. तुमचे यजमान 4 वर्षे अशाच इमारतींच्या सळया बांधत होते. तुम्हाला पडद्यावर एक पडका सांगाडा दिसला असेल. त्यांना मात्र त्यातली प्रत्येक सळई कोणाच्या तरी हातांनी बांधलेली दिसली असणार.

आता त्यांच्या रडण्याविषयी. तुमच्या पत्रात एक ओळ आहे जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे आणि मी तीनदा वाचली: मामंजी गेले तेव्हा हे येऊ शकले नाहीत. पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिले आहे की ठेकेदाराने पासपोर्ट स्वतःकडे ठेवला होता, म्हणून त्यांनी वडिलांचा अंत्यविधी पुतण्याने धरलेल्या मोबाइलवर पाहिला. ताई, ज्या मुलाला बापाला खांदा देता आला नाही, तो 12 माणसांच्या खोलीत, दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर जायचे असताना, रडणार तरी कुठे? आपल्याकडे माणूस गेला की घर भरते, बाया गळ्यात पडतात, तेरवीपर्यंत दारात कोणी ना कोणी बसलेले असते. त्यांच्या वाट्याला यातले काहीही आले नाही. त्या रात्री त्यांच्याजवळ कोण बसले होते हे तुम्ही लिहिलेले नाही, बहुधा तुम्हाला ते माहीत नाही, पण मला वाटते की त्या उत्तरातच तुमच्या अर्ध्या भीतीचे उत्तर आहे.

तुम्ही आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. यंदा मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, गावात नाटक झाले, पहाटेपर्यंत बाया पदराने डोळे पुसत होत्या आणि तुमचे यजमान कोरडे बसून होते. मी झाडीपट्टीतच, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यातच, वाढले आहे, वडसा देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांची नाटके लहानपणापासून पाहत आले आहे, आणि त्या रंगभूमीवर माझे मनापासून प्रेम आहे. आपल्या नाटकात दुःख मोठ्याने बोलले जाते, गायले जाते, आणि हजार माणसे एकदम रडतात. ज्याचे दुःख गावासमोर सांगण्यासारखे आहे त्याला त्या रडण्याचा फार आधार होतो. पण काही दुःखांना गावच्या बोलीत शब्दच नसतात. परक्या माणसाने आपले अंग पुसले, आपल्याला पाणी पाजले, आणि आपण त्याचे काहीच देणे फेडू शकलो नाही, हे नाटकातल्या कोणत्या पात्राने कोणासमोर म्हणायचे? त्या चित्रपटात कोणी बोलत नाही, म्हणूनच न बोलणाऱ्या माणसाला त्यात आपली जागा सापडली असावी.

माझ्या मावशीचे सांगते, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते स्पष्ट होईल. मावशी नागभीडकडची. संक्रांत झाली की गावच्या बायांबरोबर ती तेलंगणात मिरची तोडायला जायची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या किती घरांतून आजही बायामाणसे अशी जातात, आणि 2020 च्या टाळेबंदीत तिकडे अडकलेली किती माणसे जंगलातून पायी परतली, हे तुम्हाला मी सांगावे असे नाही. दिवसभर मिरची तोडून हातांची आग रात्री थांबत नाही, आणि शेताच्या कडेला ताडपत्रीखाली झोपायचे. एका वर्षी मावशीला हिवतापाने घेरले. शेजारच्या ताडपत्रीतली एक तेलुगू बाई, जिला मराठीचा एक शब्द येत नव्हता, रोज आपली मिरची तोडून झाली की मावशीच्या ओळीतलीही तोडायची आणि ती मावशीच्या नावावर मोजायला लावायची. रात्री तिच्या डोक्याशी बसायची. त्यानंतर मावशी दरवर्षी जाताना लाखोळीची डाळ बांधून न्यायची. मावसाजींनी एकदा चिडून विचारले, ती बाई तुझी लागते तरी कोण? मावशी म्हणाली, ‘लागत त काहीच नाही. पन त्या साली मी जित्ती घरी आली थे तिच्यामुळं.’ पुढच्या वर्षीपासून डाळीचे गाठोडे मावसाजी स्वतः बांधू लागले.

आता तुमचा सर्वांत अवघड प्रश्न, जो तुम्ही विचारताना शाई बदलली आहे, बहुधा दोन दिवस थांबून मग लिहिला आहे. त्या माणसात आणि तुमच्या यजमानांत काय आहे? मी इथे बसून त्याचे उत्तर देऊ शकत नाही, आणि कोणी देऊ लागले तर त्यावर विश्वास ठेवू नका. चित्रपटातला रावांग त्या अनोळखी माणसावर प्रेम करतो हे खरे आहे. त्याला मत्सर होतो, तो रागाच्या भरात डब्याचे धारदार झाकण त्याच्या गळ्याशी धरतो, आणि तो माणूस त्याचे डोळे पुसतो. तुम्ही ते पाहिले आणि तिथून तुमच्या मनात शंका आली, हे मला समजते. पण चित्रपटातल्या माणसाचे मन तुमच्या यजमानांच्या छातीत आहे असे धरून चालणे त्यांच्यावर अन्याय होईल. आपल्या भाषेत जिव्हाळा, माया, लळा, लोभ, प्रेम असे किती शब्द आहेत, आणि त्यांच्यातल्या सीमा माणसागणिक सरकतात. तुमच्या यजमानांचा शब्द कोणता, हे फक्त तेच सांगू शकतील, आणि तेही आपण न दटावता ऐकणार आहोत असे त्यांना दिसले तर.

आणि समजा, बोलता बोलता तुम्हाला असे कळले की ते नाते तुम्ही भीत आहात तसेच होते, तर त्या वेळी गावाचे, सासूबाईंचे आणि देवऋष्याचे काहीही ऐकू नका. पुरुषाने पुरुषावर प्रेम करणे हा आजार नाही, आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर तो गुन्हाही नाही. लग्नात एकमेकांना दिलेला शब्द हा मात्र तुमच्या दोघांचा विषय आहे, आणि तो तुम्ही सरळ विचारू शकता, त्यावर दुखावू शकता, स्वतःचा निर्णय घेऊ शकता. तशी वेळ आली तर मला पुन्हा लिहा. आज मात्र जे घडले आहे की नाही हेच माहीत नाही, त्याच्या शिक्षेची तयारी करू नका.

मला त्या चित्रपटाविषयी एक तक्रार आहे आणि ती तुमच्या वतीने आहे. त्यात तुम्ही कुठेच नाही. रावांगच्या मागे बांगलादेशात कोण आहे, त्याच्या पैशाची वाट पाहत कोण बसले आहे, तिच्या अंथरुणावर कोण नाही, यातले काहीही तो चित्रपट दाखवत नाही. दिग्दर्शकाला ते दाखवायचे नव्हते, त्याची गोष्ट दुसरी होती, हे मान्य. पण तुम्ही तो पाहत असताना तुमच्या डोळ्यांसमोर तुमचे यजमान रडले आणि तुमची 4 वर्षे पडद्यावर आलीच नाहीत. त्या चार पावसाळ्यांत रोवणीला माणसे तुम्ही मिळवली. धाकटीला ताप भरला तेव्हा रात्री सिंदेवाहीच्या दवाखान्यात तिला तुम्ही नेले. मामंजींना शेवटचे पाणी तुम्ही पाजले. हे सगळे तुम्ही मला लिहिले आहे, आणि पत्राच्या शेवटी लिहिले आहे की ‘हे यांना मी सांगितले नाही, आधीच थकून आले आहेत.’ ताई, इथेच तुमची आणि माझी वाट वेगळी होते. तुम्ही त्यांना जपण्यासाठी गप्प आहात, ते तुम्हाला जपण्यासाठी गप्प आहेत, आणि या जपण्यातून एका घरात दोन परदेश तयार झाले आहेत. तिकडच्या खोलीत काय घडले ते तुम्हाला कळले पाहिजे, आणि इकडच्या खोलीत काय घडले ते त्यांना कळले पाहिजे. माझ्या मते तुमच्या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांच्या आधी हे करायला हवे.

कसे करायचे, तेही सांगते. समोरासमोर बसवून विचारू नका. असे विचारले की आपल्याकडचा पुरुष आरोपी असल्यासारखा खाली पाहतो. तणीस रचताना, बोडीवरून (तळ्यावरून) येताना, हात कामात असताना विचारा. मनाचे विचारू नका, वस्तूंचे विचारा. खोलीत किती माणसे होती, गाद्या कशा लावायचे, भात कोण शिजवायचे, पाण्याला रांग होती का, ताप आला तेव्हा कामावर कोणी कळवले. त्यांनी एक सांगितले की तुम्हीही एक सांगा: त्या साली पऱ्हे (धानाची रोपे) सुकले होते, मी कोणाकडून पाणी घेतले, मामंजी शेवटी काय म्हणाले. मामंजींचे सांगताना घाई करू नका. ते ऐकण्यासाठी तुमचे यजमान किती दिवसांपासून थांबले असतील, याची तुम्हाला कल्पना नाही. वडिलांच्या वर्षश्राद्धाची तिथी येते आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्या दिवशी सगळे त्यांच्या हातून होऊ द्या, कितीही वेळ लागला तरी.

त्यांच्या सपरीतल्या झोपण्याचा अर्थ लगेच स्वतःवर ओढून घेऊ नका. बंद खोलीत त्यांना गुदमरत असेल, रात्रीपाळीने झोप मोडली असेल, किंवा रडू आले तर कोणाला दिसू नये म्हणूनही ते बाहेर झोपत असतील. एखाद्या रात्री तुम्ही आपले अंथरूण सपरीत टाका आणि काही न बोलता झोपा. त्यांना नको असेल तर ते सांगतील, आणि तेही एक बोलणेच होईल. मात्र त्यांची झोप अनेक आठवडे उडालेली असेल, जेवण तुटले असेल, किंवा जगून काय उपयोग अशी भाषा तोंडात येत असेल, तर वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, मराठीत बोलता येते, आणि तुम्ही स्वतःसाठीही तो लावू शकता.

त्या 18 हजारांविषयी माझे मत स्पष्ट आहे. ते देणे आहे आणि ते फेडले पाहिजे. ज्या माणसाने स्वतःच्या मजुरीतून परक्याचे दवाखान्याचे पैसे भरले, त्याच्याही घरी तुमच्यासारखेच कोणी हिशेब लावत असेल. किती हप्त्यांत द्यायचे ते दोघांनी बसून ठरवा, सासूबाईंना तुम्ही समजावा, आणि पैसे बँकेमार्फतच पाठवा. कोणा एजंटाच्या हातात रोख देऊन हवाल्याने पाठवू नका, ते बेकायदेशीर आहे.

पुन्हा जाण्याचा निर्णय या चार-सहा महिन्यांत घेऊ नका, एवढेच मी म्हणेन. बोलणे झाल्यावर त्यांना जायचे असेल आणि तुम्हालाही ते पटले, तर या वेळी डोळे उघडे ठेवून जावे. ते दहावी झालेले नाहीत असे तुम्ही लिहिले आहे. अशा माणसाच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते अशी, नोंद असते आणि मलेशिया हा त्यासाठी ठरवलेल्या 18 देशांपैकी एक आहे. म्हणजे एजंटामार्फत जायचे तर तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंद असलेलाच असावा लागतो. त्या एजंटाला सेवाशुल्क म्हणून 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही; मागच्या वेळी तुम्ही त्याच्या कितीतरी पट दिले. प्रवासी भारतीय बीमा योजनेचा 10 लाखांचा अपघात विमा निघाला आहे की नाही ते कागदावर पाहा. आणि पासपोर्टची छायाप्रत घरी ठेवा. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, तो अडवून ठेवणे मलेशियाच्या कायद्यालाही मान्य नाही, आणि तसे झाले तर तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे तक्रार करता येते. हे त्या वेळी कोणी तुम्हाला सांगितले असते, तर कदाचित त्यांना बापाला खांदा देता आला असता. हे लिहिताना माझाच हात थांबतो आहे.

शेवटी, तुम्ही विचारले आहे की तो चित्रपट पुन्हा पाहावा का. पाहा, पण मोबाइलवर नको. पुतण्या सुट्टीत येईल तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर, मुले झोपल्यावर, सपरीत बसून पाहा. जिथे यजमान उठून तोंड धुवायला गेले होते असे तुम्ही लिहिले आहे, तिथे चित्रपट थांबवा आणि त्यांनाच पुढचे सांगू द्या. तुमच्या सबंध चार पानी पत्रात त्या मित्राचा उल्लेख ‘तो बांगलादेशी माणूस’ असाच आला आहे. त्याचे नाव काय, त्याच्या घरी कोण आहे, हे त्या रात्री विचारून घ्या, आणि पुढच्या फोनला, यजमानांची हरकत नसेल तर, तुम्हीही त्याला त्याच्या नावाने नमस्कार सांगा.

तुमची,
सदरलेखिका